लोखंडावरच्या लाटा

यंत्रशाळेत लेथवरचे काम सुरळीत चालू असते तेव्हा त्याच्या आवाजाकडे कोणाचे लक्ष जात नाही. पोलादाची कांब फिरत असते, हत्यार तिच्या अंगावरून संथपणे सरकत असते आणि निळसर झाक चढलेला कीस वेटोळी घेत खाली पडत असतो. मग एकाएकी सूर पालटतो. प्रथम बारीक गुणगुण, क्षणार्धात किंचाळी, आणि पाठोपाठ साऱ्या यंत्राच्या अंगात भरलेली थरथर. कारागीर लगबगीने हत्यार मागे घेतो, यंत्र थांबवितो आणि कांबेवरून बोट फिरवून पाहतो. जे पृष्ठ आरशासारखे गुळगुळीत व्हावयाचे, त्यावर सारख्या अंतराने वळ्या उमटलेल्या असतात. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटतात तशा. हत्याराची धार बहुधा उडालेली असते, आणि जॉब, म्हणजे जी वस्तू कातावयाची ती, पुष्कळदा भंगारात जमा होते.

या प्रकाराला कारखान्यात ‘चॅटर’ असे म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ निरर्थक बडबड किंवा थंडीने दातांवर दात आपटणे असा आहे, आणि भारतातल्या टर्नर-फिटरांनी तो जसाच्या तसा उचलला आहे. उचलण्यासारखाच तो आहे, कारण धातूवर दात वाजावेत असाच तो आवाज असतो. या चॅटरने यंत्रकारांना जितके सतावले तितके दुसऱ्या कोणत्याही दोषाने क्वचितच सतावले असेल. आणि त्यावर निघालेल्या अनेक उपायांपैकी एक तर ऐकताक्षणी विपरीतच वाटावा असा आहे. यंत्रकार पिढ्यान् पिढ्या ज्या गुणाच्या पाठीस लागले होते तो गुण म्हणजे न ढळणारी, एकसारखी गती. ती गतीच जाणूनबुजून ढळती ठेवावी, म्हणजे थरथर मावळते, असे गेल्या अर्धशतकात आढळून आले. या उपायापर्यंत पोहोचण्यास इतका काळ का लागला, ही एक मनोरंजक कथा आहे.

तिचा आरंभ वाफेच्या यंत्रापासून करावा हे बरे. जेम्स वॅटच्या इंजिनाची कल्पना कितीही उत्तम असली तरी त्याचा सिलिंडर आतून नीट गोल झाल्याखेरीज ते इंजिन चालणे शक्य नव्हते. सिलिंडर आतून कातण्यासाठी त्या काळी जो दांडा वापरीत तो एका टोकाला धरलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असे. मोकळे टोक आपल्याच भाराने लवे, धातूची कठीण गाठ लागली की बाजूला सरके, आणि पोकळी वेडीवाकडी होई. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७५ च्या सुमारास दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि त्याला दोन्ही टोकांना आधार दिला. युक्ती एवढीच. परंतु पुढल्याच वर्षी वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने लिहून ठेवले की, पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरात एका जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक राहिलेली नाही. त्यानंतर शतक पालटण्याच्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने हत्यार माणसाच्या हातातून काढून घेऊन लोखंडी सरकत्या बैठकीत पक्के बसविले आणि धातूचे कातकाम खऱ्या अर्थाने यांत्रिक झाले.

हत्यार हातातून सुटले यात लाभ अपार झाला, हे सांगावयास नको. मात्र एक गोष्ट त्याबरोबर हरवली. माणसाचा हात नरम असतो. स्नायू आणि मांस कंप पिऊन टाकतात. शिवाय कमानीने किंवा दोरीने जॉब फिरविणाऱ्या जुन्या कातारी लोकांची गती कधीच एकसारखी नसे. ती क्षणाक्षणाला वाढे, मंदावे, उलटेसुद्धा. त्या कारागिरांना चॅटरवरील एखादे गुप्त औषध ठाऊक होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण त्यांचे काम बहुतांशी लाकडाचे आणि हलक्या कापाचे. पण यंत्रयुगाने मऊ हात आणि चंचल गती या दोन्ही गोष्टी एकदमच दूर केल्या, एवढे खरे.

त्यांच्या जागी आला दणकटपणा. विल्किन्सनने दिलेला धडा एकोणिसाव्या शतकाने अगदी मनावर घेतला. थरथर होते म्हणजे कोठेतरी काहीतरी लवते. तेव्हा बिडाचे ओतीव जाड करा, पाट रुंद करा, हत्यार आखूड धरा. हा विचार चुकीचा मुळीच नव्हता, आणि आजही कोणताही जाणता टर्नर प्रथम तोच करतो. तो हत्यार कमी बाहेर काढतो, लांब कांबेला मध्ये ‘स्टेडी’चा आधार देतो, पातळ नळीवर रबराची पट्टी गुंडाळतो. एवढ्याने न भागले तर काप कमी घेतो, आणि त्यानेही न भागले तर गती बदलून पाहतो. हा शेवटचा उपाय कधी लागू पडे, कधी पडत नसे. कधी गती कमी केल्याने यंत्र शांत होई, कधी वाढविल्याने. असे का व्हावे हे ठाऊक नसल्यामुळे त्याची गणना अनुभवाच्या पोतडीतच होत राहिली.

ही पोतडी रिकामी करून तिच्यातल्या ज्ञानाचे कोष्टक करावे असे ज्याच्या मनाने घेतले, तो माणूस म्हणजे फ्रेडरिक विन्स्लो टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात तो १८७८ साली साधा कामगार म्हणून शिरला आणि लवकरच लेथवाल्यांचा मुकादम झाला. मुकादम होताच त्याचे आणि कालपर्यंतच्या सोबत्यांचे बिनसले. कामगार जाणूनबुजून सावकाश काम करतात अशी त्याची खात्री होती. परंतु योग्य गती कोणती असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर ना मालकाजवळ होते, ना मुकादमाजवळ. ते असलेच तर लेथवाल्याच्या कानात आणि बोटांत होते. टेलरने १८८० मध्ये प्रयोग आरंभिले आणि ते सव्वीस वर्षे चालले. नोंदलेल्या प्रयोगांची संख्या तीस ते पन्नास हजारांच्या घरात गेली. आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड आणि पोलाद नुसत्या किसाच्या रूपाने खर्ची पडले. या उद्योगातूनच मॉन्सेल व्हाइट याच्या साहाय्याने त्याने अतिजलद कापणारे पोलाद सिद्ध केले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते लोकांस दाखविले. हत्याराची टोके तापून लाल झाली तरी ते कापीतच राही, हे पाहून यंत्रकार थक्क झाले.

डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने टेलरने आपला धातुकर्तनावरचा प्रचंड निबंध सादर केला. बारा घटकांवर कापण्याची गती अवलंबून असते असे त्यात दाखविले होते, आणि त्या बारांचा मेळ घालून गतीचे उत्तर तत्काळ देणाऱ्या सरकपट्ट्याही तयार होत्या. लेथवर किती गती ठेवावी हे यापुढे लेथवाल्याने ठरवावयाचे नाही, कचेरीतून आलेल्या चिठ्ठीने ठरवावयाचे, हा त्या साऱ्याचा इत्यर्थ. त्यावरून पुढे अमेरिकेत संप झाले, काँग्रेसच्या समितीपुढे टेलरची उलटतपासणी झाली. तो इतिहास निराळा आहे.

या ठिकाणी लक्ष वेधून घेते ती त्याच निबंधातील एक कबुली. बारा घटकांत हत्याराच्या आणि जॉबच्या लवचिकपणाचाही एक घटक आहे. हत्यार थरथरत असेल तर ते न थरथरता जी गती सोसते तिच्यापेक्षा कमी गतीच सोसू शकते. हे प्रमाण त्याने एकास १.१५ असे दिले आहे. हे झाले थरथर सुरू झाल्यानंतरचे. पण ती केव्हा सुरू होईल? यंत्रकारापुढील सर्व प्रश्नांत हाच सर्वांत गूढ आणि नाजूक प्रश्न होय, असे टेलर मोकळेपणाने सांगतो, आणि नाना आकारांच्या ओतीव व घडीव वस्तूंच्या बाबतीत असे सूत्र बहुधा कधी बसविताच येणार नाही, असेही म्हणतो. ज्या माणसाने कारागिराच्या हातून गतीचा निर्णय काढून घेण्यात अर्धे आयुष्य वेचले, त्यानेच एक दार असे उघडे ठेवले. त्या दारात कारागीर आपला कान घेऊन उभा राहिला. चॅटर झाले की बोल मात्र त्यालाच लागे, कारण चिठ्ठीवरची गती शास्त्रशुद्ध असल्याचे आधीच जाहीर झालेले होते!

टेलरचे आणखी एक निरीक्षण पुढील शोधाच्या दृष्टीने मोलाचे आहे. सरळ धारेच्या हत्यारापेक्षा गोलाकार नाकाचे हत्यार कमी थरथरते असे त्याला दिसले होते, आणि त्याचे कारणही त्याने दिले. गोल धारेवर किसाची जाडी जागोजाग निराळी असते, त्यामुळे धारेच्या सर्व बिंदूंवरील दाबाचे चढउतार एकाच वेळी येत नाहीत. सैन्याची तुकडी पुलावरून जाताना पावलांचा ताल मोडावयास सांगतात, त्यातलाच हा प्रकार. भोके साफ करणाऱ्या रीमरचे दात जरा विषम अंतरावर पाडण्याची रीतही याच जातीची होती. ताल मोडला की कंप मोडतो, हे असे तुकड्यातुकड्याने कळत होते. कोणता ताल, हे मात्र कळले नव्हते.

त्यानंतर चाळीस वर्षे प्रश्न जवळजवळ जागच्या जागी राहिला. दरम्यान टंगस्टन कार्बाइडची हत्यारे आली, गती कितीतरी पटीने वाढली. कार्बाइड अतिशय कठीण, पण ठिसूळ. पोलादी हत्यार जी थरथर सोसून नेई तिने कार्बाइडचा टवका उडे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या विषयाकडे विद्वानांचे लक्ष पुन्हा वळले ते या निकडीमुळे.

१९४६ साली लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे आर. एन. अर्नोल्ड यांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी स्पष्ट केलेली गोष्ट अशी की, हा कंप बाहेरून आलेला नसतो. झिजलेला दात, असमतोल कप्पी, शेजारचा घण यांनी यंत्र हादरते तो लादलेला कंप होय. कारण दूर करताच तो जातो. चॅटरचे तसे नाही. हत्यार धातूला लागेपर्यंत यंत्र शांत असते, आणि कापण्याची शक्ती एकसारखी पुरविली जात असतानाच थरथर आपल्या आपण जन्माला येते. सारंगीवर गज एकाच दिशेने, एकाच दाबाने ओढला जातो, तरी तार कंप पावते, तसेच हे. अर्नोल्ड यांच्या मते याचे मूळ असे की, गती वाढली म्हणजे कापण्यास लागणारे बल किंचित उतरते. हत्यार एका अंगास झुकले की बल कमी, दुसऱ्या अंगास झुकले की अधिक, आणि या फरकातून कंपाला खाद्य मिळत जाते.

हे स्पष्टीकरण सुंदर होते, पण त्याने सारे कोडे उलगडले नाही. ज्या परिस्थितीत बल गतीनुसार फारसे बदलत नाही तेथेही यंत्रे खुशाल थरथरत होती. खरा उलगडा मिळाला तो कारागीर बोट फिरवून पाहतो त्या वळ्यांतच. वळ्या हा थरथरीचा परिणाम, असेच सर्वांनी आजवर धरले होते. त्या थरथरीचे कारणही आहेत, ही दृष्टी १९५० नंतरच्या दशकात आली. अमेरिकेत ग्राइंडिंगच्या संदर्भात आर. एस. हान यांनी १९५४ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये टोबायस व फिशविक यांनी १९५८ मध्ये तिला गणिताचे रूप दिले.

कल्पना समजण्यास कठीण नाही. लेथवर हत्यार जॉबच्या प्रत्येक फेऱ्यात मागील फेऱ्यात कापलेल्याच पृष्ठावरून पुन्हा जाते. मागच्या फेऱ्यात हत्यार चुकून किंचित हलले असेल, तर तेथे एक बारीक लाट कोरली गेलेली असते. आता पुढच्या फेऱ्यात त्या लाटेचे शिखर आले की कीस जाड, खळगा आला की पातळ. जाड किसाला बल अधिक लागते. हत्यार मागे रेटले जाते. पातळ किसाला कमी; हत्यार पुढे येते. म्हणजे जुनी लाट हत्याराला हलविते, आणि हलणारे हत्यार नवी लाट कोरते, जी पुढल्या फेऱ्याला हलविणार असते. धातूच्या अंगावर जणू कंपाची आठवण लिहून ठेवलेली असते, आणि प्रत्येक फेऱ्याला हत्यार ती वाचून, वाढवून, पुन्हा लिहिते. लाट फुगत जाते. शेवटी हत्यार क्षणभर धातू सोडून पार बाहेर उडते, तेव्हा कोठे तिची वाढ थांबते. पण तोवर जॉब गेलेला असतो.

आता यात गतीचा संबंध कोठे येतो? समजा, जॉब मिनिटास ६०० फेरे घेत आहे, म्हणजे सेकंदास १०. आणि हत्यार सेकंदास १२० वेळा कंप पावते आहे. तर एका फेऱ्यात बरोबर १२ लाटा बसतात. नवी लाट जुन्या लाटेच्या अगदी समांतर पडते, शिखराखाली शिखर आणि खळग्याखाली खळगा. अशा वेळी दोन्ही लाटांमधील अंतर, म्हणजे किसाची जाडी, सर्वत्र सारखीच राहते. बल बदलत नाही आणि कंपाला खाद्य मिळत नाही. पण गती अशी असेल की फेऱ्यात बारा पुऱ्या लाटा न बसता वर एखादा अपुरा तुकडा उरेल, तर शिखरे शिखरांशी जुळत नाहीत, कीस जाडपातळ होतो आणि आगीत तेल पडते. कधी गती वाढविल्याने यंत्र शांत होते, कधी कमी केल्याने, या कारागिरांच्या अनुभवामागचे रहस्य हे होते. गती ‘अधिक’ की ‘उणी’ याला महत्त्व नव्हतेच. लाटा जुळतात की नाही याला होते.

याच सुमारास प्राग येथे यिर्झी त्लुस्ती हे संशोधक मिलान पोलाचेक प्रभृती सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. यंत्र-हत्यारांतील स्वयंप्रेरित कंपांवर चेक भाषेतील त्यांचा ग्रंथ १९५४ मध्येच निघाला होता. हत्याराचे टोक नुसते पुढेमागे न हलता दोन दिशांच्या कंपांच्या मिलाफाने लांबट वर्तुळ काढते आणि त्यातूनही थरथर उद्भवते, हे दाखविण्याचे श्रेय प्रागकडे जाते. या दोन संप्रदायांच्या कामातून एक आलेख सिद्ध झाला. आडव्या रेषेवर गती आणि उभ्या रेषेवर कापाची खोली घेतली, तर सुरक्षित आणि थरथरत्या प्रदेशांमधील सीमा सरळ रेषा नसून महिरपींच्या ओळीसारखी दिसते. दोन महिरपींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, योग्य गती सापडल्यास, एरव्हीपेक्षा पुष्कळ खोल काप निर्धास्त घेता येतो.

चेकोस्लोव्हाकियाचा भारताशी असलेला संबंध या संदर्भात आठवणे अप्रस्तुत होणार नाही. भारतात लेथ बनविण्याचे काम खाजगी उद्योजकांनी आधीच हाती घेतले होते. किर्लोस्करवाडीत १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला, आणि त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे लेथसाठी स्वतंत्र कारखाना काढला. १९५३ मध्ये सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्स बंगळूर येथे स्विस साहाय्याने उभे राहिले. परंतु परक्या नकाशावरून यंत्र बनविणे वेगळे आणि आपण आखलेले यंत्र कोणत्या कापाला थरथरेल हे आधी सांगता येणे वेगळे. ही दुसरी विद्या देशात रुजावी म्हणून १९६२ मध्ये बंगळूर येथेच मध्यवर्ती यंत्र-हत्यार संस्था स्थापन झाली, आणि तिला साहाय्य लाभले ते चेकोस्लोव्हाकियाचे. त्लुस्ती यांना मात्र स्वतःचा देश पारखा झाला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये प्रागमध्ये रणगाडे शिरल्यानंतर ते बाहेर पडले आणि मँचेस्टर, नंतर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठ व अखेरीस अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठ येथे त्यांनी आपले काम चालू ठेवले.

थरथरीचे मर्म लाटांच्या नियमित जुळणीत आहे हे कळल्यावर तिच्यावरचा उपाय तर्कानेच सुचावा असा होता. महिरपीमधली नेमकी जागा शोधण्यासाठी आधी यंत्राचे मापन करावे लागते; जॉब बदलला, हत्यार बदलले की ती जागाही सरकते. त्याऐवजी लाटांना जुळण्याची किंवा चुकण्याची एकच रीत धरूच दिली नाही तर? फ्रेझच्या बाबतीत हा विचार आधी झाला होता. फ्रेझचे दात विषम अंतरावर ठेवल्यास एका दाताने सोडलेली लाट पुढच्या दाताला अपेक्षित जागी सापडत नाही. याचे गणित स्लाविचेक यांनी १९६५ मध्ये मांडले. पण लेथच्या हत्याराला एकच टोक. त्याचे दात विषम कसे करणार? उत्तर असे की अंतर विषम करता येत नसेल तर काळ विषम करावा. एक फेरा जरा झटकन, दुसरा जरा सावकाश.

जर्मनीत श्टोफर्ले आणि ग्राब यांनी १९७२ मध्ये गतीच्या नियतकालिक बदलाने चॅटर टाळण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी जपानमधून दोन निबंध एकदम पुढे आले. एकात इनामुरा आणि साता यांनी बदलत्या गतीखालील स्थैर्याचे विश्लेषण केले होते. दुसऱ्यात ताकेमुरा, किटामुरा, होशी व ओकुशिमा यांनी ठरलेल्या क्रमाने गती हलती ठेवून थरथर दाबून दाखविली होती. वरचेच उदाहरण घेतले तर या उपायाचे बळ लक्षात येते. ६०० फेऱ्यांची गती पाच टक्क्यांनी वाढवून ६३० केली, तर फेऱ्यात १२ ऐवजी सुमारे ११.४ लाटा बसतात. गतीतील पाच टक्क्यांच्या फरकाने लाटांची जुळणी अर्ध्या लाटेहून अधिक सरकली. गती सतत अशी झुलत ठेवली तर कंपाला एका क्षणी खाद्य मिळते तर दुसऱ्या क्षणी तेच काढून घेतले जाते. सरासरीने त्याची उपासमार होते.

मग हे यापूर्वी कोणी का केले नाही? बुद्धी कमी पडली असे नव्हे. यंत्रेच तशी नव्हती. पट्ट्याच्या आणि दातेरी चाकांच्या लेथमध्ये गतीच्या पायऱ्या ठरलेल्या. एका पायरीवरून दुसरीवर जाण्यासाठी पट्टा सरकवावा किंवा यंत्र थांबवून खटका बदलावा लागे. कापता कापता गती झुलविणे तेथे स्वप्नातही शक्य नव्हते. अर्धवाहकांनी नियंत्रित होणाऱ्या विद्युत्-मोटारी आल्या तेव्हाच ते साध्य झाले.

नव्या उपायाचे कौतुक मात्र बिनशर्त झाले नाही, आणि हे शास्त्राच्या प्रकृतीला धरूनच आहे. इंग्लंडमध्ये सेक्स्टन, मिल्न आणि स्टोन यांनी १९७७ मध्ये अधिक काटेकोर गणित करून दाखविले की प्रत्यक्ष लाभ पूर्वीच्या भाकितांपेक्षा बेताचाच असतो. गती झुलत असताना मधूनमधून कंप तात्पुरता उसळी घेतो, आणि त्या उसळीनेही काम बिघडू शकते. जड चकात जड जॉब धरलेला असेल तर तो क्षणोक्षणी वेगाने फिरविणे आणि आवरणे यात मोटार तापते. अतिशय मोठ्या गतीवर तर हा उपाय लुळा पडतो, कारण तेथे एका फेऱ्यात जेमतेम एकदोनच लाटा बसतात आणि गतीच्या पाचदहा टक्क्यांनी त्यांची जुळणी फारशी सरकत नाही. आणखी एक मेख आहे, आणि ती खुद्द टेलरनेच मारून ठेवलेली. हत्याराचे आयुष्य गती वाढली की फार झपाट्याने घटते हा त्याचा नियम. म्हणून झोक्याच्या जलद अर्धात जितकी झीज अधिक होते, तितकी मंद अर्धात वाचत नाही. कंपाने होणारी नासाडी या झिजेहून मोठी असेल तेथेच हा सौदा फायद्याचा. बारीक लांब दांडे, खोल पोकळ्या आणि पातळ नळ्या यांच्या कामात ती बहुधा मोठी असतेच.

मोठ्या गतीच्या कामासाठी त्लुस्ती आणि त्यांच्या फ्लोरिडातील शिष्यांनी दुसरी तोड काढली. १९९२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत यंत्राजवळ एक मायक्रोफोन ठेवलेला असतो. थरथरीचा सूर उमटताच यंत्रणा तो ओळखते, त्याची सेकंदास आंदोलने मोजते आणि लाटा जुळाव्यात अशी एकच नवी गती ठरवून यंत्राला देते. तेथे गती झुलत नाही. एकदाच उडी मारून योग्य महिरपीच्या शेजारी जाऊन बसते. तत्त्व तेच, वापर उलटा: एका उपायात लाटांची जुळणी मोडावयाची, दुसऱ्यात ती पूर्ण साधावयाची. टेलरने कारागिराकडे राहू दिलेले कानाचे काम मायक्रोफोनकडे गेले ते असे, टेलरच्या निबंधानंतर ८६ वर्षांनी.

आज अनेक संगणकनियंत्रित लेथमध्ये गती झुलविण्याची सोय आज्ञावलीतल्या एका ओळीने चालू करता येते. त्यासाठी दोन आकडे द्यावे लागतात. गती ठरलेल्या मध्यापासून किती वरखाली व्हावी हा एक, आणि तो झोका किती वेळात पुरा व्हावा हा दुसरा. हे आकडे गणिताने काढता येतात, पण त्यासाठी जॉबची आणि हत्याराची जी मापने लागतात ती छोट्या कारखान्यात कोणाजवळ नसतात. तेथे यंत्र चालविणारा माणूस एक आकडा घालून पाहतो, हत्यार धातूला लावतो, आणि दरवाजाच्या काचेशी कान नेऊन थांबतो.